कादंबरीतील चहापान

कादंबरी वाचणाऱ्या विद्यार्थ्यांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील वाचकास नायकाचे पुढे काय झाले, एवढेच जाणून घ्यावयाचे असते. लढाई, तुफान, खटला, विवाह असे प्रसंग तो श्वास रोखून वाचतो. आणि चार माणसे चहा पीत बसली आहेत असे दिसताच दोन पाने एकदम उलटतो. दुसऱ्या वर्गातील वाचक नेमका अशाच पानांवर थोडा रेंगाळतो. पहिल्या वर्गातील विद्यार्थ्यांस उचलून दुसऱ्या वर्गात बसवावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

चहाचा पेला ही वस्तू क्षुल्लक खरी. परंतु माणूस न्यायालयात किंवा सभेत उभा असतो, तेव्हा तो सावध असतो. काय बोलावे, काय लपवावे, याचा विचार करून वागतो. चहा पिताना तो इतका सावध नसतो. त्याच्या मनातील आपपरभाव, अभिमान, माया ही सारी त्या वेळी नकळत बाहेर पडतात. थोर कादंबरीकारांनी हे मर्म ओळखले होते. म्हणून आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस असे सांगत असतो की, कादंबरीत चहा आला की तीन प्रश्न विचारावेत. चहा कोण देतो? तो कोणास मिळतो? आणि त्या पेल्यापासून कोणास दूर ठेवले जाते? या तीन प्रश्नांची उत्तरे नीट शोधली, तर त्या घराचे व त्या समाजाचे अंतरंग आपल्यापुढे उलगडू लागते.

प्रथम चहाच्या प्रवासाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. मराठीत आपण ‘चहा’ म्हणतो, घरी कोकणीत आम्ही ‘च्या’ म्हणतो, हिंदीत व रशियनमध्ये ‘चाय’ म्हणतात आणि पोर्तुगीज भाषेतील शब्दही याच कुळातला आहे. या सर्वांचे मूळ चिनी ‘छा’ या शब्दात आहे. इंग्रजांचा ‘टी’ हा शब्द मात्र चीनच्या फूच्येन किनाऱ्यावरील ‘ते’ या बोलीतील उच्चारावरून डच व्यापाऱ्यांच्या मार्फत गेला. पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन हिचा विवाह १६६२ साली इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याशी झाला. याच विवाहाच्या करारात मुंबई बेट इंग्रजांस आंदण मिळाले, हे इतिहासाच्या पुस्तकात आपण वाचतोच. पण चहा पिण्याची आवडही या राणीने इंग्लंडच्या दरबारात रुजविली. पुढे शंभरांहून अधिक वर्षे चहा ही इंग्लंडात श्रीमंतांची चैन होती. गृहिणी तो कुलूपबंद पेटीत ठेवीत. १७८४ साली पार्लमेंटने चहावरील जकात शेकडा ११९ वरून शेकडा साडेबारावर आणली आणि मग तो हळूहळू सामान्य माणसाच्या घरात शिरला. घराघरांत शिरलेली वस्तू कादंबरीत शिरल्यावाचून कशी राहील?

जेन ऑस्टिन या लेखिकेची ‘मॅन्सफील्ड पार्क’ ही कादंबरी १८१४ साली प्रसिद्ध झाली. तिची नायिका फॅनी प्राइस ही श्रीमंत मावशीच्या घरी आश्रित म्हणून वाढलेली गरीब मुलगी आहे. एका संध्याकाळी तिला न आवडणारा एक तरुण विवाहाची गळ घालीत तिच्या अगदी जवळ येऊन बसतो. घरातील वडीलधारी मंडळी त्याच्या बाजूची. फॅनीला उठून जाता येत नाही आणि स्पष्ट बोलण्याचे धैर्यही नाही. इतक्यात दार उघडते आणि सेवकाच्या मागून चहाचे तबक, उकळत्या पाण्याचे भांडे आणि केक घेऊन नोकरांची मिरवणूक आत येते. फॅनीची सुटका होते! ज्या घरात तिच्या बाजूने बोलणारे कोणी नाही, तेथे चहाचे तबक तिच्या मदतीस धावून येते. वाचकास हसू येते; पण ज्या मुलीला चहाच्या तबकाचाच आधार वाटावा, ती त्या मोठ्या घरात किती एकाकी असेल, हेही त्याला कळून चुकते. याच घराचा धनी वेस्ट इंडीजमधील अँटिग्वा बेटावरील आपल्या मिळकतीची व्यवस्था पाहण्यास दीर्घकाळ जातो. अँटिग्वा हे उसाचे बेट, आणि तेथील मळ्यांवर त्या काळी आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत असत. लेखिकेने या गोष्टीचा फारसा विस्तार केलेला नाही. परंतु असल्या बेटांवरची साखर इंग्लंडातील चहाच्या पेल्यात विरघळत होती, याचे स्मरण वाचकाने ठेवावे.

लहान विद्यार्थ्यांच्या परिचयाचे चहापान म्हणजे लुईस कॅरल यांच्या ‘ॲलिस’च्या गोष्टीतले. हे पुस्तक १८६५ सालचे. झाडाखाली भले मोठे टेबल मांडले आहे. त्याच्या एका कोपऱ्यात टोपीवाला, ससा आणि झोपाळू उंदीर हे तिघे दाटीवाटीने बसले आहेत, बाकीच्या खुर्च्या रिकाम्या आहेत. तरीही ॲलिस येताना दिसताच ते जागा नाही म्हणून ओरडू लागतात. तेथे सदैव सहाच वाजलेले, म्हणून चहा संपत नाही, आणि भांडी विसळण्यास वेळ नाही म्हणून मंडळी पुढच्या पुढच्या खुर्चीवर सरकत राहतात. हा सारा वेडगळपणा आहे. तथापि टेबल प्रशस्त असूनही नव्या माणसास जागा नाकारण्याचा हा प्रकार शहाण्यासुरत्या माणसांच्या जगात आपल्यास कधीच आढळत नाही काय, याचा विचार विद्यार्थ्यांनी करावा.

याच्या उलट एक प्रसंग सांगतो. एलिझाबेथ गॅस्केल यांची ‘क्रॅनफर्ड’ ही कादंबरी १८५१ ते १८५३ या काळात साप्ताहिकातून प्रसिद्ध होत गेली. क्रॅनफर्ड या लहानशा गावात मिस मॅटी नावाची एक प्रौढ कुमारिका राहते. ज्या बँकेत तिची पुंजी आहे, ती बुडाल्याची वार्ता गावात येते. दुकानात एका गरीब शेतकऱ्याने त्याच बँकेची पाच पौंडांची नोट पुढे केली असता दुकानदार ती घेत नाही. तेव्हा मिस मॅटी ती नोट स्वतः घेऊन त्याला पाच सोन्याची नाणी देते. आपल्या बँकेच्या नोटेवर विश्वासून तो फसला, तर त्याचा बोजा आपणही उचलला पाहिजे, असे तिला वाटते. पुढे बँक खरोखरीच बुडते आणि उपजीविकेसाठी ही कुलीन बाई घराच्या खोलीत चहा विकू लागते.

पण दुकान मांडण्यापूर्वी ती गावातील वाण्याकडे जाते आणि आपल्या दुकानामुळे त्याच्या धंद्यास बाध तर येणार नाही ना, अशी विचारणा करते! व्यवहारी माणसांस हा शुद्ध खुळेपणा वाटतो. पण पुढे काय होते? तोच वाणी आपली गिऱ्हाइके तिच्याकडे धाडू लागतो. ज्या हिरव्या चहाने प्रकृतीस अपाय होतो अशी तिची समजूत असते, तो घेऊ नका, असे ती गिऱ्हाइकासच बजावते. कादंबरीत ही हकीकत सांगणाऱ्या मुलीचे वडील व्यापारी आहेत. असला भोळेपणा क्रॅनफर्डमध्ये चालेल, जगात चालणार नाही, असे त्यांचे मत. आणि सर्वांवर संशय घेऊन वागणारे हे गृहस्थ मात्र त्याआधीच्याच वर्षी हजारांवर पौंडांस फसलेले असतात. चहा कोण देतो, या आमच्या पहिल्या प्रश्नाचे याहून सुंदर उत्तर क्वचितच सापडेल.

इंग्लंडकडून आता रशियाकडे वळू. त्या देशात चहा चीनहून सायबेरियाच्या वाटेने तांड्यांबरोबर येत असे, आणि तेथील घराघरांत पाणी उकळण्याचे ‘समोवार’ हे भांडे दिसू लागले. डोस्टोव्हस्की यांच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’ या १८६६ सालच्या कादंबरीचा नायक रास्कोल्निकोव्ह हा शिक्षण सोडलेला, उपाशी विद्यार्थी आहे. त्याने खोलीचे भाडे थकविले आहे. घरमालकिणीने पंधरा दिवसांपासून त्याचे जेवण बंद केले आहे. अशा वेळी घरातील मोलकरीण नास्तास्या वर येते, आणि स्वतःची तडा गेलेली चहादाणी व पिवळट साखरेचे दोन खडे त्याच्यापुढे ठेवते. तो चहाही ताजा नाही. एकदा वापरलेल्या पत्तीचा, पाणचट आहे. या तरुणाच्या मस्तकात त्या वेळी एक भयंकर विचार घोळत असतो. थोर पुरुषांस सामान्य माणसाचे नियम लागू नाहीत, अशा सिद्धांताच्या आधारे तो पुढे खून करतो. त्या सिद्धांताला पुस्तकात ठिकठिकाणी उत्तरे दिलेली आहेत; पण आम्हांस वाटते की, पहिले उत्तर नास्तास्याने कथेच्या आरंभीच देऊन ठेवले होते. स्वतःजवळ काही नसता दुसऱ्यास देणारी ती मोलकरीण त्याच्यासमोर उभी होती. तिच्याकडे पाहण्याची दृष्टी मात्र त्याला नव्हती.

आता चहाच्या माहेरी, चीन देशात जाऊ. त्साओ शुएछिन यांनी अठराव्या शतकात लिहिलेली ‘लाल महालाचे स्वप्न’ ही चिनी भाषेतील सर्वांत विख्यात कादंबरी. ती १७९१ साली प्रथम छापली गेली. तिच्या एकेचाळिसाव्या प्रकरणात एका उमराव घराण्यातील मंडळी बागेतील मठात जातात. मठातील तरुण संन्यासिनी म्याओयू चहाच्या बाबतीत कमालीची चोखंदळ आहे. एका चहासाठी ती मागील वर्षी साठविलेले पावसाचे पाणी वापरते. निवडक पाहुण्यांसाठी तर आलुबुखाराच्या फुलांवरून वेचलेल्या बर्फाचे, पाच वर्षे जमिनीत पुरून ठेवलेले पाणी काढते. त्या दिवशी घराण्यातील आजीबाईंसोबत लिऊ नावाची एक खेडवळ म्हातारी आलेली असते. आजीबाई आपला अर्धा प्यालेला चहा कौतुकाने तिच्या हाती देतात. म्हातारी तो एका घोटात संपविते आणि म्हणते, चहा चांगला आहे, पण जरा कडक हवा होता. सर्व जण हसतात.

पुढचा प्रसंग मात्र हसण्यासारखा नाही. तो मौल्यवान पेला आत आणू नका, बाहेरच ठेवा, असे म्याओयू सांगते. कारण लिऊ आजीचे ओठ त्याला लागलेले असतात. घराण्यातील मुलगा पाओयू म्हणतो, टाकून देण्यापेक्षा तो त्या म्हातारीलाच द्यावा; विकून तिचे चार दिवस तरी निघतील. म्याओयू कबूल होते, पण म्हणते की, आपण स्वतः त्यातून कधी प्यालो असतो तर तो फोडूनच टाकला असता. जमीन धुण्यासाठी पाणी पाठवितो असे पाओयू म्हणतो, तेव्हा ते दाराबाहेरच ठेवावे, अशी तिची अट. सर्वसंगपरित्याग केलेल्या या स्त्रीने सर्व काही सोडले, पण पेला सोडला नाही! आणि लेखकाने कथेत काय योजावे? पुढे ते वैभवशाली घराणे धुळीस मिळते. आणि त्या घरातील एका पोरक्या झालेल्या मुलीला आपल्या खेड्यात आसरा देते ती हीच लिऊ आजी.

हा प्रसंग वाचताना भारतीय वाचकास परक्या देशाचे काही वाचतो आहोत असे वाटत नाही. पेल्याचा विटाळ आपल्यास पुरेपूर ठाऊक आहे. ४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानास जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींस चहा देण्यात आला. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक हे दोघेही त्या मंडळींत होते. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव यांनी उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात प्रसिद्ध केली आणि पुण्यात हलकल्लोळ उडाला. शंकराचार्यांनी नेमलेल्या मंडळापुढे चौकशी झाली. प्रायश्चित्ताचा प्रश्न निघाला. रानडे यांच्यासारख्या सुधारकाग्रणीसही शेवटी प्रायश्चित्त घ्यावे लागले. एका पेलाभर चहाने हे घडविले.

त्याच काळातील बंगालचे चित्र रवींद्रनाथ टागोरांच्या ‘गोरा’ या १९१० साली पुस्तकरूपाने आलेल्या कादंबरीत आहे. तिचा नायक गोरा हा कडवा आचारनिष्ठ तरुण. ब्राह्मसमाजी परेशबाबूंच्या घरी तो व त्याचा मित्र विनय जातात. चहा पुढे येतो. गोरा तो नाकारतो. जात जाईल म्हणून काय, असे घरच्या बाई विचारतात, तर तो स्पष्टपणे ‘होय’ म्हणतो. विनय मात्र पेला हाती घेतो. मित्राच्या ओठांवरील कठोर हसू त्याला दिसते, तोंडातील चहा कडवट लागतो. तरीही तो पेला खाली ठेवीत नाही. नवा विचार पत्करणाऱ्या माणसाची पहिली पायरी अशीच असते. ती गोड लागत नाही. तरी मागे फिरावयाचे नसते.

गोरा स्वतःच्या आईच्या खोलीतही अन्नपाणी घेत नाही, कारण तेथे लछमिया ही ख्रिस्ती दासी वावरते. आई आनंदमयी हे दुःख मुकाट्याने सोसते. कथेच्या अखेरीस गोराला आपल्या जन्माचे रहस्य कळते. १८५७ च्या धामधुमीत आश्रयास आलेल्या एका आयरिश स्त्रीच्या पोटी तो जन्मला. आनंदमयीने त्याला पोटच्या पोराप्रमाणे वाढविले. ज्या सोवळ्याचा त्याने एवढा अभिमान धरला, त्यावर त्याचा जन्मतः अधिकारच नव्हता! त्या क्षणी तो आईकडे जातो आणि लछमियाच्या हातचे पाणी मागतो. चहाच्या नाकारलेल्या पेल्यापासून पाण्याच्या मागितलेल्या पेल्यापर्यंत जे अंतर आहे, तेवढी ‘गोरा’ ही कादंबरी आहे, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

येथवर आपण पेला देणारे, घेणारे व नाकारणारे पाहिले. परंतु चहा पेल्यात येतो कोठून? हा प्रश्न मुल्कराज आनंद यांनी ‘टू लीव्ह्ज अँड ए बड’, म्हणजे ‘दोन पाने आणि एक कळी’, या १९३७ सालच्या इंग्रजी कादंबरीत विचारला. चहाच्या झुडपाच्या शेंड्यावरील दोन कोवळी पाने व मधली कळी एवढेच खुडावयाचे असते. नाव त्यावरून आले. पंजाबातील गंगू हा कर्जाने बुडालेला शेतकरी मुकादमाच्या थापांना भुलून बायकामुलांसह आसामच्या मळ्यावर येतो. जमीन मिळेल, मजुरी भरपूर मिळेल, ही वचने फोल ठरतात. बायको आजाराने मरते. मळ्याचा उन्मत्त साहेब त्याच्या मुलीच्या पाठीस लागतो आणि त्या गडबडीत त्याच्या गोळीने गंगू ठार होतो. खटला चालतो, साहेब निर्दोष सुटतो. ही कथा काल्पनिक असली, तरी तिला इतिहासाचा आधार आहे. करार मोडणाऱ्या मजुरास शिक्षा करण्याचा १८५९ चा कायदा मळेवाल्यांच्या हाती होता. तो १९२५ साली रद्द झाला. मळ्यांवरील कामगारांस निवास, औषधोपचार वगैरे देण्याविषयीचा कायदा स्वातंत्र्यानंतर १९५१ साली झाला.

ही कादंबरी वाचल्यावर आधीच्या सर्व कादंबऱ्या वेगळ्या दिसू लागतात. फॅनीच्या मदतीस आलेले तबक, मिस मॅटीच्या दुकानातील डबे, यांच्यामागे कोणाचे तरी हात होते. ते हात त्या खोल्यांत कधीच आले नाहीत. टेबल प्रशस्त होते, पण त्यांना जागा नव्हती.

आमच्या विद्यार्थ्यांनी या विवेचनातून एवढेच घ्यावे. आपल्या महाराष्ट्रातही अनेक खेड्यांत चहाच्या दुकानाबाहेर दलितांसाठी वेगळी कपबशी ठेवीत आणि ती ज्याची त्याने विसळून ठेवावी, असा दंडक असे. संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या कायद्याने असे वर्तन गुन्हा ठरविले. पण कायदा दुकानाच्या दारापर्यंत येतो; घराच्या उंबरठ्याच्या आत माणसाचे मनच पोहोचू शकते. कामास आलेल्या बाईचा पेला कोठे ठेवला जातो? पाहुण्यांचा, मुलांचा व पुरुषांचा चहा झाल्यावर गाळणीत उरलेला निवलेला चहा घरात कोण पिते? हे प्रश्न कादंबरीकारांनी आपल्यास विचारावयास शिकविले आहेत. त्यांची उत्तरे मात्र पुस्तकात मिळणार नाहीत. ती ज्याने त्याने आपल्या स्वयंपाकघरात शोधावीत, आणि उत्तर पाहून लाज वाटली, तर दुसऱ्या दिवशीचा पहिला पेला आपल्या हाताने भरून त्या व्यक्तीपुढे ठेवावा.